वाचकांचे प्रश्न : उन्हाळा, कूलर आणि सतारीची तबली

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच होता, तो म्हणजे कोरड्या हवेमुळे तंतुवाद्यांना होणारी इजा. त्यामुळे या वेळची सर्व जागा याच विषयाला दिली आहे. माझे आयुष्य सतारी आणि तंबोरे दुरुस्त करण्यात गेले असल्याने उत्तरांत त्याच वाद्यांचे दाखले अधिक येतील. परंतु लाकडाचा स्वभाव सर्वत्र सारखाच असतो, त्यामुळे व्हायोलिन किंवा गिटार वाजवणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडावे. नवख्या वाचकांसाठी एवढे सांगतो की तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी, घोडी म्हणजे तिच्यावर तारा पेलणारा पूल, आणि तारदान म्हणजे तारांची खालची टोके अडकवण्याची जागा.

प्रश्न : माझी सतार नऊ वर्षांपूर्वी मिरजेहून आणली आहे. यंदा एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी खोलीत ‘टच्’ असा आवाज झाला. संध्याकाळी पाहिले तर घोडीपासून खाली तारदानाकडे जाणारी केसासारखी बारीक चीर तबलीवर दिसली. सतार कूलरच्या खोलीतच असते, म्हणजे तिला ओलावा तर मिळतच असणार. मग ती तडकली का? ही चीर फेव्हिकॉलने भरून टाकू का? — सतारीची एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सर्वप्रथम, चिरेत काहीही भरू नका. फेव्हिकॉल नको, मेण नको, आणि चटकन चिकटवणारा डिंक तर मुळीच नको. आज एवढेच करा की सगळ्या तारा दोन स्वरांनी उतरवा, म्हणजे घोडीवरचा दाब कमी होईल. तारा पूर्ण सैल मात्र सोडू नका. तसे केले तर घोडी जागेवरून सरकते आणि दांडीला इतकी वर्षे सवयीचा झालेला ताण एकाएकी नाहीसा होतो.

आता चीर का पडली ते पाहू. लाकूड कितीही जुने आणि मुरलेले असले तरी त्यात थोडे पाणी असतेच, आणि ते भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहते. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की ते प्रमाण ४ ते ५ टक्क्यांपर्यंत उतरते, आणि पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत ते १६ टक्क्यांच्या आसपास जाते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलैत ती ८० टक्क्यांवर असते. म्हणजे आपली सतार दरवर्षी या दोन टोकांमधून जाते.

पाणी गेले की लाकूड आकसते, पण सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीच्या दिशेने ते जवळजवळ तेवढेच राहते आणि रुंदीच्या दिशेने मात्र स्पष्ट कमी होते. सतारीची तबली साधारण एक फूट रुंद असते. तिच्यातले पाणी ४ ते ५ टक्क्यांनी कमी झाले, तर तिला रुंदीत दोन मिलीमीटरच्या आसपास आकसायचे असते. परंतु तिच्या कडा भोपळ्याला आणि गळ्याच्या सांध्याला घट्ट चिकटवलेल्या असतात. आकसायला वाव मिळाला नाही की तिच्यात ताण साठत जातो, आणि एखाद्या दुपारी ती रेषेच्या दिशेने उकलते. आपण ऐकलेला ‘टच्’ तो हाच. घोडीपासून तारदानापर्यंतचा भाग आधीच तारांच्या दाबाखाली असल्यामुळे पहिली चीर बहुधा तिथेच दिसते.

कूलरबद्दल आपण जे विचारले आहे ते महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे अनेकांची अशीच समजूत असते. कूलर खोलीत ओलावा आणतो हे खरे. पण तो चालू असेल तेवढाच वेळ आणतो. रात्री तो चालू असताना सतारीभोवती ६०-७० टक्के आर्द्रता असते, आणि सकाळी बंद करून खिडक्या उघडल्या की दुपारपर्यंत ती २० टक्क्यांवर येते. तबलीची वरची बाजू लाखेच्या पॉलिशने झाकलेली असते आणि आतली बाजू उघडे लाकूड असते, त्यामुळे दोन्ही बाजू एका वेगाने ओल्या वा कोरड्या होत नाहीत. दीड महिना रोज हा झोका बसत राहिला तर चांगले लाकूडही हार मानते. माझ्या अनुभवाने सांगतो, सतत ३५ टक्के आर्द्रतेत राहिलेली सतार टिकते, पण रोज २० आणि ७० यांच्यामध्ये हेलपाटणारी सतार टिकत नाही. आपली सतार कूलरच्या थेट झोतात असेल, तर नुकसान आणखी लवकर होते.

तेव्हा पुढील दोन-तीन आठवडे असे करा. सतार कूलरच्या खोलीतून काढा आणि घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीला किंवा माळ्याला लागून ठेवू नका. ती पेटीतच राहू द्या. चांगली बंद होणारी पेटी म्हणजे सतारीची स्वतःची लहानशी खोली असते, आणि अख्ख्या घराची हवा सांभाळण्यापेक्षा त्या लहान खोलीची हवा सांभाळणे कितीतरी सोपे जाते. प्लास्टिकच्या साबणदाणीला वरून सात-आठ भोके पाडा, तिच्यात स्पंजचा तुकडा भिजवून आणि घट्ट पिळून ठेवा, आणि ती दाणी पेटीत दांडीच्या बाजूच्या मोकळ्या कोपऱ्यात बसवा. स्पंजातून एक थेंबही गळता कामा नये, कारण थेंब पडला की पॉलिश पांढरे पडते. नागपूरच्या मे महिन्यात हा स्पंज दोन दिवसांत सुकतो, तेव्हा रोज हात लावून पाहा. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. पेटीच्या बाहेरून घोंगडी किंवा जाड चादर गुंडाळली, तर दिवसाच्या उष्णतेचा चढउतारही कमी होतो.

दर चार-पाच दिवसांनी पातळ कागदाची कड चिरेवर अलगद टेकवून पाहा. आज ती किंचित आत शिरत असेल, तर पंधरवड्याने बहुधा शिरणार नाही, कारण लाकडात पाणी परत आले की ते आपोआप रुंदावते आणि चिरेच्या दोन्ही कडा पुन्हा जवळ येतात. त्यानंतर सतार कारागिराकडे न्या. मिटलेल्या चिरेत पातळ गरम सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक) मुरवून ती पक्की करणे सोपे असते. चीर लांब असेल तर तबली उघडून आतून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात.

हा क्रम का पाळायचा हे मी एका चुकीतून शिकलो. काम शिकून स्वतंत्रपणे बसू लागलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका गायिकेचा तंबोरा आला होता. तबलीवरची चीर चांगली उघडलेली होती आणि त्यांना आठ दिवसांनी मैफल होती. मी घाईने चिरेत तुणीच्याच, म्हणजे तबली ज्याची होती त्याच लाकडाची बारीक पच्चर बसवली, घासून सपाट केली, पॉलिश केले, आणि काम इतके सफाईदार झाले की जोड दिसत नव्हता. ऑगस्टमध्ये तोच तंबोरा परत आला. पावसाळ्यात तबली फुगली, पण चिरेची जागा पच्चरीने आधीच अडवलेली असल्यामुळे तिला रुंदावायला वाव राहिला नव्हता. पच्चरीच्या दोन्ही बाजूंनी लाकूड वर उचलले गेले होते आणि शेजारी नवी चीर पडली होती. उन्हाळ्यातली चीर ही लाकडाची कायमची रुंदी नसते, ही गोष्ट त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजली.

रियाझ मात्र बंद करू नका. सतार काढा, कूलर त्या वेळेपुरता मंद ठेवा आणि झोत दुसरीकडे वळवा, तासभर वाजवा आणि लगेच पेटीत ठेवा. वाद्य रोज हाताखालून गेले की त्यातला लहानसा बदलही कानाला आणि बोटाला लगेच कळतो.

प्रश्न : आजीचा तंबोरा पंधरा वर्षे कपाटावर होता. आता माझी मुलगी गाणे शिकू लागली म्हणून तो खाली काढला. भोपळा अगदी सुकलेला वाटतो, पॉलिशवर जाळीसारख्या रेषा आहेत. घरातल्यांनी त्याला खोबरेल तेल चोळायला सुचवले, आणि भोपळ्याला एकदा चोळलेही. ते योग्य आहे का? — एक वाचक, अकोला

उत्तर : कृपया पुन्हा चोळू नका. आपल्या घरांत लाकूड सुकलेले दिसले की तेलाची वाटी पुढे येते, आणि त्यामागची माया मी समजू शकतो. पोळपाटाला किंवा दाराच्या चौकटीला तेल लावलेले आपण पाहिलेले असते. परंतु वाद्याच्या लाकडातून गेलेले असते ते पाणी, तेल नव्हे, आणि ती जागा तेलाने भरून निघत नाही. उलट तेल बारीक चिरांमध्ये आणि तबली-भोपळ्याच्या सांध्यात शिरते आणि मग तिथे सरस धरत नाही. तेल मुरलेली चीर दुरुस्त करणे हे आमच्या कामातले सर्वांत कष्टाचे काम आहे. कितीही पुसले तरी लाकडाच्या आतले तेल जोडाच्या वेळी पुन्हा वर येते. शिवाय खोबरेल काही महिन्यांत खवट होते आणि त्यावर धूळ बसून चिकट थर तयार होतो.

झाले ते फार मोठे नुकसान नाही. आजच कोरड्या, मऊ सुती कापडाने भोपळा नीट पुसून घ्या. कापड दोन-तीन वेळा बदला. पाणी, साबण किंवा स्पिरिट लावू नका. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे स्पिरिटच्या बोळ्याने तेलाबरोबर पॉलिशही निघून येईल.

जाळीसारख्या रेषा बहुधा पॉलिशच्या थरातल्या आहेत, भोपळ्याच्या नव्हेत. खात्री करायची असेल तर भोपळा मांडीवर घ्या, कान जवळ नेऊन बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा आणि बोट थोडे थोडे पुढे सरकवा. अखंड भोपळा सगळीकडे भरीव, गोल आवाज देतो. जिथे तडा असेल तिथे आवाज फुटका, खरखरीत येतो. तंबोऱ्याचे हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. ते महिनोन्‌महिने वाळवल्यावरच कामाला घेतले जातात, त्यामुळे सुकण्याची त्यांना भीती नसते. भीती असते ती धक्क्याची. कोरडा भोपळा ठिसूळ असतो आणि कपाटावरून उतरवताना कोपऱ्याला लागला तर अंड्याच्या टरफलासारखा आत जातो. तंबोऱ्याचा खरा नाजूक भाग म्हणजे भोपळा आणि तबली यांचा जोड. त्या जोडावरून नख फिरवत पूर्ण वळसा घाला. कुठे नख अडकले किंवा फट जाणवली तर तारा चढवू नका.

जोड शाबूत असेल, तर तंबोरा दोन-तीन आठवडे गवसणी घालून आतल्या खोलीत राहू द्या आणि नंतर नव्या तारा चढवा. पण पहिल्याच दिवशी पूर्ण स्वरात आणू नका, आठवडाभरात थोड्या थोड्या चढवा. पंधरा वर्षे ताणाशिवाय राहिलेल्या दांडीला एवढा वेळ द्यायलाच हवा. जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीच्या माथ्याला घासून दिलेला आकार, यानंतर काढावी लागेल. तुमच्या मुलीच्या हाती आजीचा तंबोरा येतो आहे ही मोठी गोष्ट आहे. महिनाभर उशीर झाला तरी चालेल.

प्रश्न : आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात जुनी वीणा आहे. चैत्र-वैशाखात तिच्या खुंट्या थांबतच नाहीत. तार लावली की थोड्या वेळात उतरते. हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, वीणेकरी बदलत राहतात, पण दर तासाला तार लावावी लागते. काही जण खुंटी हातोडीने ठोकून बसवतात. मंदिराला पत्र्याचे छप्पर आहे. — एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : हातोडी आजपासून बंद करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. खुंटी आणि तिचे भोक या दोहोंचे लाकूड उन्हाळ्यात आकसते, म्हणून पकड ढिली होते. त्या वेळी ठोकून आत घातलेली खुंटी श्रावणात फुगते, आणि मग भोकाभोवतीचे लाकूड उकलते. वीणेचे वरचे टोक असे फुटले की ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

खुंटी थांबत नसेल तर ती पूर्ण बाहेर काढा, तिच्यावर जमलेला जुना मळ कोरड्या फडक्याने पुसा आणि जिथे ती भोकाला घासते त्या दोन पट्ट्यांवर साधा पांढरा खडू घासा. मग ती परत घालून, पिळता पिळता तळहाताने आत दाब देत बसवा. पिळणे आणि दाबणे या दोन्ही क्रिया एकत्र झाल्या पाहिजेत. राळ लावू नका. ती उन्हाळ्यात धरते, पण पुढे खुंटी हलेनाशी होते. खडू लावूनही खुंटी थांबत नसेल, तर ती झिजून गोलाई गेलेली असणार, आणि कारागिराकडून नवी घडवून घेणे हाच उपाय आहे.

जागेविषयी सांगायचे तर पत्र्याखाली दुपारी उकाडा साठतो आणि तो वर साठतो, त्यामुळे उंच खुंटीवर टांगलेली वीणा मंदिरातल्या सर्वांत तापलेल्या हवेत असते. सप्ताह नसेल तेव्हा ती गाभाऱ्याशेजारच्या दगडी भिंतीच्या खोलीत, कमरेच्या उंचीवर, गवसणीत ठेवा. समई आणि धूप यांपासून दूर ठेवा. त्या खोलीत पाण्याने भरलेला, नवा, पाझरणारा माठ ठेवता आला तर अवश्य ठेवा. माठाच्या अंगातून दिवसभरात बरेच पाणी उडून हवेत जाते आणि लहान बंद खोलीत त्याचा फरक पडतो. दाराला वाळ्याचा पडदा लावून तो भिजवत राहण्याची जुनी रीतही चांगली आहे, फक्त पडद्याचे तुषार वीणेपर्यंत येऊ नयेत. सप्ताहात मांडव उघड्यावर असेल तर वीणेकऱ्याने उन्हाच्या पट्ट्यात उभे राहू नये, आणि पहारा बदलताना नव्या वीणेकऱ्याने घामाचे हात पुसून वीणा घ्यावी. यापेक्षा अधिक काही करण्याची गरज नाही. हातांतून हातांत सात दिवस फिरणारे वाद्य फारसे बिघडत नाही, कारण त्याच्याकडे सतत कुणाचे तरी लक्ष असते.

प्रश्न : मे महिन्यात तीन आठवडे गावी गेलो होतो. परत आल्यावर मुलाच्या व्हायोलिनच्या चारही तारा सैल पडलेल्या, ब्रिज आडवा झालेला आणि आत काहीतरी खुळखुळते आहे. तारा पुन्हा ताणू का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताणू नका. खुळखुळणारी वस्तू म्हणजे आतली उभी काडी, साउंडपोस्ट. वरच्या फळीला ब्रिजखाली आधार देण्याचे काम ती करते आणि ती चिकटवलेली नसते, केवळ दाबाने उभी असते. खुंट्या आकसून सुटल्या, तारांचा दाब गेला आणि काडी पडली, एवढेच झाले आहे. ती उभी नसताना तारा ताणल्या तर वरची फळी खचू शकते किंवा तडकू शकते. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. हे थोड्या वेळाचे काम आहे. त्याच वेळी कडेचा जोड उघडला आहे का तेही पाहून घ्यायला सांगा. व्हायोलिनच्या कडेला मुद्दाम हलका सरस लावतात, जेणेकरून लाकूड आकसले तर फळी फाटण्याऐवजी जोड सुटावा. तो पुन्हा चिकटवता येतो. पुढच्या वेळी गावी जाताना खोक्यात पिळलेल्या स्पंजाची दाणी ठेवा आणि खोके शेजाऱ्यांकडे सोपवून जा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. येथील महाराष्ट्र मंडळात गाण्याचे वर्ग चालतात आणि त्यासाठी मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी मागवायची आहे. मागे एका सभासदाने आणलेला तंबोरा पहिल्याच हिवाळ्यात तबलीवर दोन ठिकाणी उकलला. बाहेर बर्फ असते, मग घरातली हवा इतकी कोरडी का होते? नवी जोडी कशी जपावी? — एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : बाहेर बर्फ असते म्हणूनच घरातली हवा कोरडी होते. थंड हवेत वाफ फार थोडी मावते. बाहेर तापमान शून्याखाली ५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तरी ती हवा आत येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १४ टक्क्यांच्या आसपास उरते. त्यात पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो. फक्त तापलेल्या हवेची पाणी धरण्याची ताकद वाढलेली असते आणि ती हवा आपली तहान लाकडावर भागवते. नागपूरचा उन्हाळा दोन-अडीच महिन्यांत संपतो आणि पाऊस येतो, पण तुमच्याकडची ही कोरडी हवा ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत घरात असते.

मिरजेची हवा वर्षातला बराच काळ मध्यम दमट असते आणि तबली-भोपळ्याचा जोड त्या हवेत बसवला जातो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीड शतकापूर्वी हाती घेतलेल्या या कारागिरीचा तो यथोचित मान आहे, पण या कारागिरीत मिरजेच्या हवेचाही वाटा आहे, हे बाहेरदेशी वाद्य नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मागणी नोंदवतानाच कारागिराला वाद्य कुठे जाणार आहे ते सांगा. शक्य असेल तर पावसाळ्यात जोडलेले नव्हे, हिवाळा-उन्हाळ्यात जोडलेले वाद्य घ्या. कोरड्या दिवसांत जोडलेल्या तबलीला पुढे आकसायला कमी उरलेले असते. तंबोरे तुमच्याकडे मे ते सप्टेंबर या काळात पोहोचतील असे पाहा, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी त्यांना नव्या जागेत रुळायला काही महिने मिळतील. प्रवासासाठी तारा दोन-तीन स्वरांनी उतरवून घोडीखाली मऊ कापड घालायला सांगा, आणि खोके आल्यावर ते एक पूर्ण दिवस न उघडता घरात राहू द्या. थंडगार वाद्य एकदम उबदार खोलीत उघडले, तर पॉलिशवर बारीक तडे जातात.

आता घरातली हवा. बहुतेक जण खोलीच्या कोपऱ्यात वाडगाभर पाणी ठेवतात आणि निर्धास्त होतात. थोडा हिशेब मांडतो. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत ३६-३७ घनमीटर हवा असते. २१ अंशांना तिची आर्द्रता १५ वरून ४० टक्क्यांवर न्यायची, तर एका वेळी साधारण १७० ग्रॅम पाणी लागते. ही हवा फटींतून आणि दारांतून सतत बदलत असते. दोन तासांत ती एकदा पूर्ण बदलते असे धरले, तर दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी त्या एका खोलीत मुरवावे लागते. वाडग्यातून दिवसभरात जेमतेम एखादा पेला उडतो. म्हणून विजेवर चालणारे आर्द्रता-यंत्र घ्यावेच लागेल, आणि त्यातही ओल्या जाळीतून हवा फिरवणारे घ्या. तुषार फवारणाऱ्या यंत्रात नळाचे पाणी वापरले तर पाण्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी तबलीवर आणि तारांवर बसते. यंत्र तंबोऱ्यांपासून किमान पाच-सहा फूट दूर असावे.

आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ५० चा हट्ट धरू नका. बाहेर कडाक्याची थंडी असताना आत इतका ओलावा केला तर खिडक्यांच्या काचांवर पाणी जमते आणि भिंतींत बुरशी धरते. उरलेले काम पेटीवर सोपवा. तंबोऱ्याला गिटारसारखे ध्वनिछिद्र नसते, त्यामुळे गिटारच्या पोटात घालायची ओलावा देणारी नळी त्याला चालत नाही. पेटीतच दमट हवा ठेवावी लागते. ओलावा सोडणारी आणि जास्त झाला तर शोषणारी तयार पाकिटे तुमच्याकडे वाद्यांच्या दुकानांत मिळतात. ४९ टक्क्यांची पाकिटे घ्या आणि एका तंबोऱ्याच्या पेटीत किमान चार ठेवा, दोन भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना आणि दोन दांडीलगत. पाकीट हाताला कडक लागले की बदला. पेटी गरम हवा सोडणाऱ्या झरोक्यावर, शेकोटीशेजारी किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वर्गाला जाताना गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवण्याऐवजी आतल्या आसनावर ठेवा.

पहिल्या हिवाळ्यात दर आठवड्याला चांगल्या उजेडात तबली पाहा. चीर पडण्याआधी वाद्य बरेच काही सांगते. तबलीची फुगीर पाठ थोडी सपाट होते आणि तिच्यावरची घोडी किंचित खाली बसते. मग जवारी बदलते, कालपर्यंत भरून येणारा षड्ज पातळ लागतो आणि जीव (तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा) पुन्हापुन्हा सरकवूनही जागा सापडत नाही. असे झाले की जवारी घासायला घेऊ नका, आर्द्रतामापक पाहा. पंधरा दिवसांत हवा सुधारली तर जवारी आपणहून परत येते. घाईने घासलेली घोडी मात्र पुढच्या पावसाळी महिन्यांत चुकीची ठरते, आणि हाडाच्या घोडीवरचा घासलेला थर पुन्हा चढवता येत नाही.

सभासदाच्या उकललेल्या तंबोऱ्याबद्दल नागपूरच्या वाचक विद्यार्थिनीला दिलेले उत्तर पाहावे. आधी पेटीतल्या दमट हवेत त्या दोन्ही चिरा मिटू द्या, नंतरच जोडाचे काम करून घ्या.

प्रश्न : बाजारात मिळणाऱ्या स्वस्त आर्द्रतामापकांचे दोन घेतले, एक ३८ दाखवतो, दुसरा ५१. कोणता खरा? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांचीही परीक्षा घरीच घेता येते. एका लहान झाकणात साधे मीठ घ्या आणि त्यात थोडेच पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि दोन्ही मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक डब्यात ठेवा, मीठ मापकांना लागू देऊ नका, आणि डबा सावलीत दहा-बारा तास राहू द्या. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. त्या वेळी एक मापक ६६ दाखवत असेल, तर तो ९ ने कमी दाखवतो आहे. तेवढा फरक चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा आणि रोजच्या आकड्यात मिळवत जा. दरवर्षी होळीच्या सुमारास, उन्हाळा लागण्याआधी, ही परीक्षा पुन्हा घ्या.